तालुक्याच्या ठिकाणचा प्राणवायू

एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात प्राणवायूचा तुटवडा पडला असे आपण आज सर्रास म्हणतो, वर्तमानपत्रांनीही तसेच छापले आणि सरकारी परिपत्रकांतही तीच भाषा आली. परंतु ज्या दिवसांत अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतील रुग्ण नातलगांच्या खांद्यावर मान टाकून जालन्याच्या रस्त्याला लागत होते आणि जालन्यात खाट न मिळाल्यास तसेच पुढे औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाकडे नेले जात होते, त्या दिवसांतही त्यांच्या भोवतालच्या हवेत प्राणवायूचे प्रमाण एरवी असते तितकेच, म्हणजे शेकडा 21 भाग होते. ज्या वस्तूवाचून माणूस गुदमरत होता ती वस्तू त्याच्या नाकाशी होती. उणीव होती ती निराळ्याच गोष्टींची: हवेतून हा वायू वेगळा काढणाऱ्या यंत्राची, तो साठवणाऱ्या टाकीची, वाहून आणणाऱ्या टँकरची, खाटेच्या उशाशी नेऊन पोचवणाऱ्या तांब्याच्या नळीची, आणि या साऱ्या सरंजामावर रात्री तीन वाजताही डोळा ठेवून बसणाऱ्या शिकलेल्या माणसाची. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे अंबडच्या शेजारच्या घनसावंगी मतदारसंघाचे आमदार होते. म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याचा कारभार याच मुलखातील माणसाच्या हाती होता, आणि तरीही तालुक्याच्या ठिकाणी प्राणवायूची कायमची तजवीज आधीपासून नव्हती. हा दोष एका मंत्र्याचा किंवा एका पक्षाचा नव्हे. प्राणवायू हे औषध आहे आणि औषधाप्रमाणेच त्याची बारमाही तरतूद करावी लागते, ही गोष्ट आपल्या राज्यकारभाराने त्यापूर्वी मनावरच घेतली नव्हती. ती अजूनही पुरतेपणी मनावर घेतली गेलेली नाही, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो सद्भावनेतून निघाला असला तरी त्याने आपले लक्ष भलतीकडे वळवले आहे. त्या उन्हाळ्यात गावोगाव असे बोलले गेले की, आपण झाडे तोडली म्हणून ही वेळ आली. वड-पिंपळ लावा, पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू देतो, असे संदेश घरोघर पोचले, आणि पुढे कित्येक गावांत प्राणवायूच्या नावाने उद्याने उभी राहिली. मराठवाड्यासारख्या उघड्याबोडक्या प्रदेशात झाड लावणारा मनुष्य पुण्यच करतो. सावली, पाऊसपाणी, मातीची धूप, पाखरांचा निवारा यांसाठी झाडे हवीतच. परंतु सूर्यप्रकाशावाचून कोणतेही झाड प्राणवायू निर्माण करीत नाही, पिंपळही नाही. रात्री तेही आपल्यासारखेच श्वसन करते. पृथ्वीच्या वातावरणातील प्राणवायूचा साठा इतका अवाढव्य आहे की, एखाद्या जिल्ह्यातील सारे वृक्ष नाहीसे झाले तरी तेथील हवेतले त्याचे प्रमाण मोजण्याइतकेही घटणार नाही. ज्याचे फुप्फुस न्यूमोनियाने भरले आहे त्याला शेकडा 21 भागांची हवा पुरत नाही, त्याला 40, 60, प्रसंगी 90 भागांची लागते; आणि ती कोणतेही उद्यान देऊ शकत नाही. रुग्णालयाच्या आवारात रोपे लावण्याचा समारंभ व्हावा, पण त्याच आवारातील ऑक्सिजन प्लांटला कुलूप असेल तर त्या समारंभाचा आणि श्वासाचा काही एक संबंध उरत नाही.

या वायूचा खरा स्वभाव ज्याला पाहायचा असेल त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी फाटके आणि शेतीची अवजारे करून देणाऱ्या रस्त्याकडेच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहावे. तेथील कारागीर आधी ज्योतीने जाड पट्टीची कड तापवून लाल करतो. लोखंड अद्याप वितळलेले नसते. मग तो हातातील गॅस कटरची खटकी दाबतो, त्यासरशी शुद्ध प्राणवायूचा बारीक झोत त्या तांबारलेल्या कडेवर पडतो आणि लोखंड अक्षरशः पेट घेते; खाली उडणारा ठिणग्यांचा फवारा मुख्यतः जळालेल्या लोखंडाचा, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयुगाचा असतो. साध्या हवेत हे घडत नाही, कारण तिच्यात शेकडा 78 भाग नत्रवायू असतो आणि तो या भुकेल्या वायूला आवर घालतो. जालना हे पोलादाचे गाव; तेथील भट्ट्यांत भंगार वितळून सळ्या निघतात आणि कापाकापीसाठी प्राणवायूच्या नळकांड्यांची ये-जा बारमाही चालू असते. एप्रिल 2021 मध्ये उद्योगांचा प्राणवायू दवाखान्यांकडे वळवण्याचे हुकूम निघाले, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की, लोखंड कापणारा वायू आणि माणूस जगवणारा वायू मुळात एकच आहे, एकाच कारखान्यातून निघतो. फरक आहे तो शुद्धतेच्या हमीचा, नळकांड्याच्या स्वच्छतेचा आणि दप्तरी ठेवावयाच्या नोंदींचा.

हे ज्ञान जुने आहे. स्वीडनमध्ये शेले यांनी हा वायू आधी मिळवला होता, परंतु त्यांचे लेखन उशिरा छापले गेले. 1 ऑगस्ट 1774 रोजी इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले यांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळते हे पाहिले. पाहणे आणि उमगणे यांत अंतर असते; ते अंतर पॅरिसच्या लाव्हाझिए यांनी काट्यातराजूने ओलांडले. जळणे म्हणजे पदार्थातून काही निघून जाणे नसून हवेतील या वायूशी त्याचा संयोग होणे होय, हे त्यांनी वजने करून सिद्ध केले, आणि पुढे लाप्लास यांच्या साहाय्याने बर्फाच्या भांड्यात गिनिपिग ठेवून, किती बर्फ वितळले ते मोजून, प्राण्याचे श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे असा निष्कर्ष काढला. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि वैद्यक या तिन्ही शास्त्रांची नाळ त्या एका प्रयोगात जुळलेली दिसते. आपल्याकडेही हे ज्ञान परके राहिले नव्हते. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मराठीत रसायनशास्त्राची पुस्तके लिहिली होती, आणि त्यांचे ऋण आपण जितके मानावयास हवे तितके मानीत नाही.

या वायूची खूण आपल्या पायांखालच्या जमिनीतही सापडते. अंबडच्या परिसरात विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबडा, भुसभुशीत पट्टा लागतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचा एक थर थंड झाला, त्याच्या पृष्ठावर ऊनपावसाने माती झाली, तिच्यातील लोह हवेतल्या प्राणवायूने गंजले, आणि मग वरून दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजली गेली. तोच हा पट्टा. पण दगडातील लोह गंजण्यासाठी हवेत मुक्त प्राणवायू असावा लागतो आणि तो पृथ्वीवर आरंभापासून नव्हता. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्म नीलहरित जीवाणूंनी सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन करून सोडलेला प्राणवायू वातावरणात साठू लागला. तत्कालीन जीवसृष्टीच्या मोठ्या भागाला तो विषच होता. ज्यांनी या विषाचा उपयोग करून घेण्याची विद्या साधली त्यांच्या वंशात पुढे प्राणी आले, आणि आपणही आलो. ते मूळचे दाहकपण त्याने सोडलेले नाही, हे वैद्यकाने क्षणभरही विसरता कामा नये.

देहात हा दाहक वायू सुखरूप वाहून नेला जातो ही सृष्टीतील एक नवलाची व्यवस्था आहे. दुकानातील पट्टी ज्या लोखंडाची, तेच लोह आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार ठिकाणी बसवलेले असते. परंतु तेथे प्रथिनाच्या घडीत ते असे जपून ठेवले आहे की, प्राणवायू त्याला चिकटतो पण त्याला गंजवीत नाही, फुप्फुसात चढतो आणि स्नायूंत, मेंदूत उतरतो. ही घडी बिघडली तर काय होते तेही आपल्या भागाला ठाऊक असावयास हवे: खतांमुळे विहिरीच्या पाण्यात नायट्रेट फार वाढले आणि त्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या मुलाला दिले, तर त्याच्या रक्तातील लोह खरोखरीच गंजल्यासारखे होते, प्राणवायू वाहीनासे होते आणि मूल निळे पडते. पेशीपर्यंत पोचलेला प्राणवायू तेथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. साखरेच्या एका रेणूपासून प्राणवायूवाचून पेशीला ऊर्जेची जेमतेम दोन नाणी मिळतात, तर प्राणवायूच्या साहाय्याने तीस किंवा त्याहून अधिक. आणि इतके असूनही शरीराजवळ त्याची शिल्लक जवळजवळ नसते. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर प्राणवायू खर्च करतो आणि त्याच्या सर्वांगात मिळून साठा असतो दीड लिटरच्या आसपास. अन्नावाचून कित्येक आठवडे, पाण्यावाचून काही दिवस तग धरणाऱ्या देहातील मेंदू प्राणवायूवाचून चार-पाच मिनिटांतच कायमचा जायबंदी होऊ लागतो. म्हणून अंबडहून जालन्यापर्यंतचे 25-30 किलोमीटर ही या औषधाच्या बाबतीत फार मोठी मजल ठरते. ताप उतरवण्याची गोळी तासाभराने दिली तरी चालते, हे औषध चालत नाही.

येथे एका गोष्टीवर थोडे थांबतो, कारण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. करोनाच्या काळात बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर घराघरांत पोचला, आणि ‘सॅच्युरेशन किती आहे?’ हा प्रश्न आजी-आजोबांच्याही तोंडी बसला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात ज्याचे तत्त्व मांडले ते हे यंत्र अत्यंत उपकारक आहे. परंतु ते सांगते ते इतकेच की, रक्तात जितके हिमोग्लोबिन आहे त्याच्यापैकी शेकडा किती भागावर प्राणवायू चढलेला आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे हे ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहते. म्हणजे ज्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 15 ग्रॅम हिमोग्लोबिन आहे त्याच्या धमनीतून तेवढ्या रक्तामागे सुमारे 20 मिलिलिटर प्राणवायू जातो, आणि जिच्या रक्तात 7 ग्रॅमच आहे तिच्या वाट्याला साडेनऊ मिलिलिटरसुद्धा येत नाही. दोघांच्याही बोटावर आकडा मात्र 98. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. दिवाळीच्या सुमारास या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी, पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवणारी बाई दम लागतो म्हणून दवाखान्यात येते, तेव्हा तिच्या बोटावरचा 98 हा आकडा पाहून तिला परत पाठवणे हा तिच्यावर अन्यायच होय. तिच्यापुरता प्राणवायूचा प्रश्न लोहाच्या गोळीचा, पोटभर जेवणाचा आणि बाळंतपणातील रक्तस्रावाचा आहे. शिवाय त्वचा गडद असली तर हे यंत्र सॅच्युरेशन असते त्याहून किंचित अधिक दाखवण्याची शक्यता असते, हे 2020 नंतरच्या अभ्यासांतून ठळकपणे पुढे आले आहे. उन्हात राबून रापलेल्या हातांच्या या मुलखात डॉक्टर-परिचारिकांनी तेही ध्यानात ठेवावयास हवे.

प्राणवायूला मात्रा असते. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण लोकांच्या मनात तो ‘लावला की बरे’ अशा वस्तूंत जमा झाला आहे. 1940 च्या दशकात अकाली जन्मलेल्या बालकांना पेटीत ठेवून मुक्तहस्ताने प्राणवायू देण्याची चाल पाश्चात्त्य देशांत पडली, आणि त्यातून सुमारे दहा हजार मुले अंध झाली. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यातील कोवळ्या रक्तवाहिन्यांची वाढ त्या अतिरिक्त प्राणवायूने बिघडवली होती. आयुष्यभर चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे जीर्ण झाली आहेत अशा आपल्याकडील वृद्ध स्त्रियांना धाप लागण्याचा मोठा झटका आला असता सॅच्युरेशन 88 ते 92 च्या दरम्यान राखावे असे शास्त्र सांगते. भरमसाट प्राणवायू दिल्यास त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून त्या गुंगीत जातात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने भाजलेल्या सैनिकांवर उपचार करताना जे. एस. हाल्डेन यांनी 1917 मध्ये मोजून-मापून प्राणवायू देण्याचा पुरस्कार केला, त्याला शंभरावर वर्षे लोटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत भूल देण्यासाठी तो फार पूर्वीपासून होता. रक्तातील प्राणवायू घटल्यावरचे औषध म्हणून त्याचा स्पष्ट समावेश मात्र 2017 मध्ये झाला. रुग्णशय्येशी उभे राहून पाहावे: पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे निघत असतात, काचेच्या नळीत लहानशी गोटी तरंगत असते, आणि ती गोटी कोणत्या रेघेवर ठेवावयाची हे ठरवणारा हात शिकलेला आहे की नाही यावर सारे अवलंबून असते.

आता पुरवठ्याकडे वळू. हवा अतिशय थंड करून द्रवरूप केली की तिच्यातून नत्रवायू उणे 196 अंशांस उकळून निघून जातो आणि प्राणवायू उणे 183 अंशांपर्यंत द्रवच राहतो. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी 1902 च्या सुमारास हा मार्ग औद्योगिक प्रमाणावर आणला. असा द्रव प्राणवायू वायुरूप होताना शेकडो पटींनी फुगतो, म्हणून एका टँकरमध्ये एका मोठ्या रुग्णालयाचा कित्येक दिवसांचा श्वास मावतो. परंतु असे कारखाने मोजक्या ठिकाणी असतात, आणि ते समुद्रकाठच्या किंवा पोलादाच्या मोठ्या केंद्रांकडे. म्हणूनच 19 एप्रिल 2021 रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून थेट विशाखापट्टणमला धाडावे लागले आणि ते भरून नागपूर व नाशिकला पोचेपर्यंत चार-पाच दिवस गेले. त्याच आठवड्यात, 21 एप्रिलला, नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून नळ्यांमधील दाब घटला आणि किमान 22 रुग्ण दगावले. त्या दिवशी तेथे प्राणवायू होता. तो डोळ्यांदेखत पांढऱ्या ढगासारखा आवारात पसरत होता. मला तर त्या एका घटनेत या साऱ्या विषयाचे मर्म दिसते: साठा असणे म्हणजे पुरवठा असणे नव्हे.

याच्या उलट उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत आणि ती सांगितली पाहिजेत. नंदुरबार हा आदिवासीबहुल, दूरचा, द्रव प्राणवायूच्या कारखान्यांपासून फटकून असलेला जिल्हा. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, जे स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते, यांनी पहिली लाट ओसरू लागली असता, म्हणजे इतरत्र हायसे वाटू लागले असता, सप्टेंबर 2020 मध्ये हवेतून प्राणवायू काढणारे पहिले संयंत्र बसवले आणि नंतर त्यांत भर घातली. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, तेथे ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या गेल्या, ज्यांचे काम एवढेच की, कोणाला किती प्राणवायू लागतो हे ठरावीक वेळाने मोजणे, लागत नसेल त्याचा कमी करणे आणि गळती शोधणे. यंत्राला माणसाची जोड दिली म्हणून त्या यंत्राचे चीज झाले. दुसरे उदाहरण आमच्या मराठवाड्यातले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने 2021 च्या मे महिन्यात आपल्या इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत फेरफार करून प्राणवायूची निर्मिती केली. इथेनॉलमधले शेवटचे पाणी काढून टाकण्यासाठी जी सूक्ष्म छिद्रांची खनिज चाळणी, म्हणजे झिओलाइट, वापरतात, तिच्या जागी नत्रवायू धरून ठेवणारे झिओलाइट भरले आणि दाबाखालची हवा तिच्यातून सोडली तर प्राणवायू बाहेर पडतो. तत्त्व साधे, पण ते ऐन वेळी सुचणे आणि साधणे साधे नाही. मुंबईच्या आयआयटीतही नत्रवायूच्या संयंत्राचे असेच रूपांतर करून 93 ते 96 टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळवण्यात आला. अंबड तालुक्यातही सहकारी साखर कारखानदारी आहे, जालन्यात यंत्रांची जाण असलेले कारागीर आहेत. बुद्धी आणि हात यांचा दुष्काळ या जिल्ह्यात कधीच नव्हता.

नंतर संयंत्रांचा पूर आला. केंद्राच्या निधीतून देशभर बाराशेहून अधिक संयंत्रे मंजूर झाली. राज्याने मे 2021 मध्ये ‘मिशन ऑक्सिजन स्वावलंबन’ जाहीर करून दिवसाला 3,000 मेट्रिक टन निर्मितीचे उद्दिष्ट ठेवले आणि मराठवाडा-विदर्भात कारखाना काढणाऱ्यास अधिक सवलती देऊ केल्या. ही पावले योग्यच होती. पण संयंत्र उभारणे हा एका दिवसाचा समारंभ असतो आणि चालवणे हा रोजचा संसार असतो. झिओलाइटला ओल खपत नाही, कंप्रेसरच्या तेलाचा अंशही खपत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यातील धुळीने गाळण्या महिनाभरात चोंदतात. वीज गेली की संयंत्र थांबते आणि जनित्राला डिझेल लागते, डिझेलला मंजुरी लागते. जे संयंत्र सहा महिने बंद पडून राहिले ते सातव्या महिन्यात कळ दाबताच 93 टक्के देईल असे मानणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी जुगार आहे. हमीची मुदत संपल्यावर देखभालीचा करार कोणी करायचा, जिल्हा परिषदेने, आरोग्य उपसंचालकांनी की रुग्णालयाने, या पत्रव्यवहारात वर्ष निघून जाते, आणि दरम्यान वॉर्डबॉय पुन्हा जंबो सिलिंडर फरशीवरून फिरवीत आणताना दिसतो. त्या सिलिंडरचा हिशेबही वाचकांपुढे ठेवतो. काळ्या अंगाच्या आणि पांढऱ्या खांद्याच्या त्या नळकांड्यात सुमारे 7 घनमीटर, म्हणजे 7,000 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. असे चार रुग्ण एका रात्री आले तर सूर्योदयापर्यंत चार नळकांडी रिकामी, आणि भरून आणायची ती जालन्याहून किंवा त्याही पलीकडून.

कोणी म्हणेल, महामारी गेली, आता इतकी यातायात कशाला? ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या प्राणवायूविषयक आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये सांगितले की, दरवर्षी जगात सुमारे 37 कोटी 40 लाख लोकांना वैद्यकीय प्राणवायू लागतो आणि जगातील पाच अब्ज माणसांना तो खात्रीने, परवडेल असा मिळत नाही. करोना नसतानाही न्यूमोनियाचे मूल येते, जन्मतः न रडलेले बाळ येते, कीटकनाशक प्यालेला शेतकरी येतो, सर्पदंशाने श्वासाचे स्नायू लुळे पडलेला शेतमजूर येतो, शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली गर्भवती असते. यांतील प्रत्येकाला प्राणवायूची गरज पडू शकते, आणि यांच्यापैकी कोणीही ‘रेफर’ केल्यानंतर वाटेत तग धरेल अशी खात्री देता येत नाही; 108 ची रुग्णवाहिका आली तरी तिच्यातील नळकांडे भरलेले असावे लागते.

आगीचाही उल्लेख टाळता येत नाही. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात दहा बालके गेली, त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथील अतिदक्षता विभाग पेटले. त्या आगींची कारणे त्या त्या चौकशीचा विषय आहेत. परंतु जेथे नळ्यांतून प्राणवायू झिरपून हवा समृद्ध झालेली असते तेथे लहानशी ठिणगीही वणव्याप्रमाणे पसरते, हे वेल्डिंगच्या दुकानातील तोच धडा सांगतो. नळकांड्याच्या झडपेला तेलकट हात लावू नये, हे त्या दुकानातील पोरालाही शिकवलेले असते. ते प्रत्येक रुग्णालयातील कर्मचाऱ्यालाही शिकवले गेले पाहिजे.

माझे मागणे अवाजवी नाही. तालुक्याच्या आणि उपजिल्हा दर्जाच्या प्रत्येक रुग्णालयात प्राणवायूची यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे एक कायम पद असावे, कंत्राटी आणि मानधनाचे नव्हे. संयंत्र रुग्ण असोत वा नसोत आठवड्यातून ठरावीक तास चालवले जावे आणि शुद्धतेचा आकडा नोंदवहीत सहीनिशी लिहिला जावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मुलांच्या बोटाला बसेल असा ऑक्सिमीटर आणि चालू स्थितीतील कॉन्सन्ट्रेटर असावा. रक्तक्षयाची तपासणी ऊसतोडीचे तांडे निघण्यापूर्वी, दसरा-दिवाळीच्या आत, गावातच व्हावी. 27 डिसेंबर 2022 रोजी देशभर रुग्णालयांची जी रंगीत तालीम घेतली गेली तशी तालीम दरवर्षी घेतली जावी आणि तिचा निकाल जिल्ह्यातील जनतेला कळावा. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात लोकप्रतिनिधी आणि नागरिक बसतात. त्यांनी येत्या बैठकीत औषधसाठ्याबरोबर प्राणवायूची नोंदवही मागवून घ्यावी, गेल्या तीन महिन्यांत संयंत्र किती तास चालले, शुद्धता किती भरली, देखभालीचा करार कोणत्या तारखेपर्यंत आहे हे इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि या खर्चाची तरतूद करोनाच्या जुन्या खात्यावर न ढकलता ज्या कायम शीर्षाखाली सलाईन, लसी आणि सर्पदंशावरील प्रतिविष मांडले जाते त्याच शीर्षाखाली दरवर्षी मांडली जाईल असा ठराव करून तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवावा.